परसातील पाठशाळा

आमच्या समाजात झाडापेडांविषयी काही बोलावयाचे झाले तर देवापासूनच आरंभ करावा लागतो. पूजेचे तबक क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. त्यात नारळ आहे, सुपारी आहे, विड्याची पाने आहेत, केळी आहेत, तुळस, दूर्वा, हळद आणि अबोलीच्या माळा आहेत, आणि नैवेद्यासाठी मांडलेले केळीचे पान आहे. कापूर आणि उदबत्ती वगळली तर यांतील बहुतेक सामग्री एकाच जागी, एकमेकांच्या सावलीत आणि एकमेकांच्या आधाराने वाढते. त्या जागेस गोमंतकात कुळागर म्हणतात. ही गोष्ट लहानपणापासून आम्हांस ठाऊक होती. परंतु ठाऊक असणे आणि उमगणे यांत अंतर असते. आणि ते ओलांडावयास आम्हांस दोन परकी निमित्ते भेटली. एक २०२० सालची टाळेबंदी, आणि दुसरे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील एका बेटावर जन्मास आलेले ‘पर्माकल्चर’ नावाचे शास्त्र. त्या दोहोंची ही हकिगत आहे.

२२ मार्च २०२० च्या रविवारी देशभर जनता संचारबंदी पाळण्यात आली. गोव्यात ती पुढेही चालू राहिली आणि २५ तारखेस, म्हणजे ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, सबंध देशात एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षाचा पाडवा आमच्या वाड्यावर विलक्षण शांततेत उजाडला. देवळाचा दरवाजा भाविकांसाठी बंद झाला होता. भटजी एकटेच आत जाऊन नित्यपूजा करीत. पालखी नाही, आरतीची घंटा ऐकून धावणारी मुले नाहीत, अग्रशाळेत उतरलेले परगावचे कुळावी नाहीत. आरंभीच्या दिवसांत दुकानेही बंद होती. त्या चार-सहा दिवसांत एक गोष्ट घराघरांतील गृहिणींच्या ध्यानी आली. गोव्यात भाजी म्हणजे बहुतांशी बेळगावची भाजी. घाटावरून ट्रक उतरले नाहीत तर आमच्या चुली भातावर आणि खाऱ्या लोणच्यावर येतात. ज्या अंत्रुज महालाच्या बागायतीचे आम्ही अभिमानाने वर्णन करतो, त्या महालातील घरांना मूठभर कोथिंबिरीसाठी चोर्ल्याच्या घाटाकडे डोळे लावून बसावे लागावे, ही स्थिती विचार करावयास लावणारी होती.

आमच्या घरामागे सुमारे दीड हजार चौरस मीटरचे परसू आहे. आजोबांच्या काळी ते लहानसे कुळागरच होते, असे वडील सांगत. आमच्या हाती आले तेव्हा त्यात दहा-बारा माड, पाच-सहा पोफळी, दोन आंबे, एक जुना फणस आणि कुंपणाशी भिरंडीचे एक झाड एवढीच मंडळी शिल्लक होती; बाकी सारे रान. ही जागा आमची आणि वडोदऱ्यास स्थायिक झालेल्या आमच्या धाकट्या बंधूंची सामाईक आहे. ती विकून टाकावी, असे बोलणे दोन वर्षांपासून घरात चालले होते. गिऱ्हाईकही तयार होते. बंधूंचे म्हणणे सरळ होते : “दादा, आपण दोघेही साठीला आलो. पुढे ते बघणार कोण?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. कागदपत्रे त्या उन्हाळ्यात करावयाची ठरली होती. टाळेबंदी आली आणि कचेऱ्यांबरोबर ती गोष्टही थांबली.

अशा वेळी आमची कन्या पाडव्याच्या सणासाठी म्हणून पुण्याहून आठ दिवस आधी आलेली, ती घरीच अडकली. तिने एके दिवशी दूरध्वनीच्या पडद्यावर पर्माकल्चरचे पाठ शोधून काढले. मग रोज संध्याकाळी, ज्या वेळी एरवी आम्ही देवळाच्या सोप्यावर बसावयाचे, त्या वेळी घराच्या सोप्यावर ही पाठशाळा भरू लागली. शिक्षिका मुलगी, विद्यार्थी आम्ही उभयता.

या शास्त्राचे जनक दोघे, बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन. एक अध्यापक, दुसरा तरुण विद्यार्थी. दोघांची भेट टास्मानियात झाली. १९७८ साली त्यांनी या विषयावरील पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. ‘पर्मनंट’ म्हणजे टिकाऊ आणि ‘अ‍ॅग्रिकल्चर’ म्हणजे शेती, या दोन शब्दांच्या जोडातून हे नाव सिद्ध झाले. पुढे शेतीपुरता असलेला त्याचा अर्थ वाढून संपूर्ण राहणीस लागू झाला. निसर्गातील अरण्य कोणी न नांगरता, न शिंपता, खत न घालता उभे राहते; त्याच्या रचनेचे निरीक्षण करून माणसाने आपली बाग, घर, पाणी आणि चूल यांची मांडणी करावी, असा त्याचा सारांश. पृथ्वीची निगा, माणसांची निगा आणि गरजेपुरते घेऊन उरलेले वाटून टाकणे, अशी तीन सूत्रे त्याच्या मुळाशी आहेत. मॉलिसन १९८७ साली हिंदुस्थानात येऊन हैदराबाद भागात शिकवून गेले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात याच विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादेस भरली. आमच्या दख्खनच्या पठारावर हे बी अशा रीतीने आधीच पडलेले होते.

पहिल्या पाठांतच आम्हांस गंमत वाटली ती ‘पट्ट्यां’ची. घरास शून्य क्रमांक द्यावा. ज्या झाडाकडे दिवसातून चार वेळा जावे लागते ते पहिल्या पट्ट्यात घराला लागून लावावे. ज्याकडे आठवड्यातून एकदा जावयाचे ते दुसऱ्या-तिसऱ्यात. आणि पाचवा पट्टा रानासाठी सोडून द्यावा, तेथे माणसाने केवळ पाहावयास जावे. आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकून घेतले आणि जुन्या घरांची मांडणी मोजून दाखविली. अंगणात तुळशीवृंदावन, मागच्या दारी कढीलिंब आणि मिरचीचे रोप, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी, विहिरीच्या कडेस पानवेल, त्यापलीकडे माड-पोफळ, कुंपणाशी फणस-आंबा-भिरंड, आणि सर्वांच्या पलीकडे डोंगराच्या अंगास देवाचे रान, जेथील काठीही कोणी तोडीत नसे. पाचही पट्टे झाले! पाचव्या पट्ट्यास संरक्षण देण्यासाठी आमच्या पूर्वजांनी तेथे देव बसविला, एवढाच काय तो फरक.

येथे एका मोहापासून दूर राहावे लागते. परदेशी शास्त्रात आपले काही सापडले की ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ असे म्हणून आपण पुस्तक मिटतो. ‘होते’ हे खरे. पण जे होते ते आज परसात का नाही, या प्रश्नास त्या वाक्यात उत्तर नाही. म्हणून आम्ही पुस्तक मिटले नाही. उलट आणखी मागे गेलो, तो आम्हांस इंदूर भेटले.

होळकरांच्या इंदुरास १९२४ पासून १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड नावाचे एक इंग्रज कृषिशास्त्रज्ञ काम करीत होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ते ठरावीक वेळी परतून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी तेथे बसविली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. या रीतीवरील १९३१ सालच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या नावाबरोबर यशवंत वाड हे दुसरे नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात ज्या ग्रंथाचे स्थान पहिल्या काहींत आहे, त्यावर इंदुरातील एका सहकाऱ्याचे नाव असावे, ही गोष्ट आमच्या मंडळींत फारशी कोणास माहीत नाही. हॉवर्ड हे येथील शेतकऱ्यांस आपले गुरू मानीत. म्हणजे विद्या येथून गेली, तिकडे तिला शिस्त लागली, आणि आता ती पडद्यावरून आमच्या सोप्यावर परत आली. तिला आपली म्हणावे की परकी, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटला. तिने काय करावयास सांगितले, ते महत्त्वाचे.

तिने पहिली गोष्ट सांगितली ती पातेऱ्याविषयी. फणस, आंबा, काजू यांचा वाळलेला पाला फाल्गुन-चैत्रात अंगणात ढिगाने पडतो आणि घरोघरी तो झाडून जाळतात. त्या वर्षीपासून आमच्या घरी पातेरा पेटला नाही. माडांच्या बुंध्याभोवती, हात-सव्वा हात अंतर सोडून, तो वीतभर जाडीने पसरला. त्यावर चुडते आडवी टाकली. मे महिन्याच्या उन्हात उघडी जमीन भाजत असता पाल्याखाली बोट घालून पाहिले तो माती ओलसर! उरलेल्या पाल्याची रास घरामागे केली, तीत शेजारच्या गोठ्यातील शेण, स्वयंपाकघरातील साली आणि चुलीची राख मिसळली. मुलगी दर पंधरवड्यास ती परतून घेई. राशीत हात घातला तर ऊब लागे, आणि त्यातून वाफ निघू लागली की आमच्या सौभाग्यवती हसून म्हणत, “ही आमची दुसरी चूल.”

दुसरी गोष्ट पाण्याची. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या भागात वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. शंभर चौरस मीटर कौलांवरूनच तीन लाख लिटर पाणी खाली येते, आणि माघ-फाल्गुनात विहिरीचा तळ दिसू लागतो! हे पाणी जमिनीत मुरविण्यासाठी उतारावर समपातळीत चर खणावेत, असे पाठांत सांगितले होते. पातळी कशी पाहावी, तर सारख्या लांबीच्या दोन बांबूंची कात्री, मध्ये एक आडवी काठी, आणि शेंड्यापासून सोडलेल्या दोऱ्यास बांधलेला दगड. दोरा आडव्या काठीच्या खुणेवर स्थिर राहिला की दोन्ही पाय समपातळीत आहेत असे समजावे. एवढ्या साध्या साधनाने आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात परसाच्या उतारावर तीन रेघा आखल्या.

दुसऱ्या दिवशी कुदळ घ्यावयाची, तोच गडग्यापलीकडून आमच्या वाड्यावरील वृद्ध पाडेली ते पाहत उभे राहिले. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. आमच्या वडिलांच्या वेळेपासून साऱ्या गावाच्या माडांवर तेच चढत आले, आणि गावातील तीन-चार कुळागरांचे शिंपणे त्यांच्याच हातचे. तोंडावर पंचा बांधून, अंतर राखून त्यांनी रेघा नीट पाहिल्या आणि म्हणाले, “बाब, उदक खंय वता तें आदीं पळयात, मागीर कुदळ घेयात.” मग त्यांनी हातातील काठीने हवेत एक वाकडी रेघ ओढून दाखविली. डोंगराचे पाणी पूर्वी फणसाच्या उजवीकडून येऊन, केळींच्या जागेवरून व्हाळास मिळत असे. चर त्या वाटेवर आडवे आले तर आषाढातल्या एका रात्रीच्या पावसात ते भरून गडग्यासकट खाली येतील. चर खणा, पण प्रत्येकाच्या टोकास दगड बसवून पाण्यास बाहेर पडावयाची वाट ठेवा, आणि ती वाट जुन्या वाटेस नेऊन जोडा.

ऑस्ट्रेलियातील कोरड्या मुलखात उपयोगी पडलेली रीत तीन हजार मिलिमीटरच्या मुलखात आणावयाची तर तिला हा फाटा देणे अवश्य होते. पुढे पाठ ऐकताना मुलीच्या ध्यानी आले की ‘प्रथम दीर्घकाळ निरीक्षण करा, मग हात लावा’ हे तर होल्मग्रेन यांच्या बारा तत्त्वांतील पहिलेच तत्त्व! पुस्तकाचे पहिले पान आणि गडग्यापलीकडचा म्हातारा एकच बोलत होते. पण आमच्या परसातले पाणी कोठून जाते, हे पुस्तकास ठाऊक असणे शक्य नव्हते.

त्या दिवसापासून आमच्या पाठशाळेस दुसरे गुरू मिळाले. ते गडग्यापलीकडे बसत, आम्ही अलीकडे. पोफळीचे रोप कोवळे असता त्यास केळीची सावली द्यावी. नैर्ऋत्येकडून येणारे दुपारचे ऊन पोफळीचे खोड भाजून काढते, म्हणून त्या बाजूस दाट पानांची झाडे राखावीत. मिरीची वेल पोफळीवर चढवावी, पण पोफळ पुरेशी उंच झाल्यावर. जायफळास सावली हवी, अननसास कडेची जागा चालते. सुरण आणि कारांदे कोठेही जमिनीत पडून राहतील. पावसाळ्यात सुपारीस कोळे रोग येतो, त्यावर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण फवारल्यावाचून गत्यंतर नसे, हेही त्यांनी लपविले नाही. ऊन, वारा, पाणी कोणत्या दिशेने येते ते नकाशावर काढण्याचा एक स्वतंत्र पाठच पर्माकल्चरमध्ये आहे. आमच्या गुरूंनी तो नकाशा साठ वर्षे डोक्यात वागविला होता.

मग एक अवघड विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. कुळागराचा वारसा आम्ही महाजन मंडळी आपला म्हणतो. देवाच्या नावाने पानसुपारी ठेवणारे हात आमचे. परंतु ती पोफळ शिंपणारे, खतविणारे, तिच्यावर चढणारे हात बहुधा दुसऱ्यांचे होते. विद्या त्या हातांत राहिली. आमच्याकडे मालकीचे कागद राहिले, आणि कागदांना झाडे लावता येत नाहीत. पाडेलींचे दोन्ही मुलगे कारखान्यात जातात. माडावर चढण्याचा धंदा त्यांनी पत्करला नाही, आणि तो त्यांनी पत्करावा असे कोणत्या तोंडाने म्हणावे? झाडावरून पडून कमरेत वाकलेला बाप त्यांनी रोज पाहिला आहे. अशा स्थितीत ती विद्या टिकावयाची तर ती जाती-वाड्यांची मर्यादा सोडून, शिकेल त्यास शिकविली गेली पाहिजे. आणि शिकणाऱ्याने तिचे मोल चुकते केले पाहिजे, आदराने आणि रोख पैशानेही. आमच्या घरी त्या वर्षीपासून त्यांच्या सल्ल्याचा दिवस हा मजुरीचा दिवस धरला जातो.

जूनच्या आरंभी पाऊस आला. ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर गेले, त्याच्या आगेमागे आमच्याकडेही जोराच्या सरी कोसळल्या. आम्ही छत्री घेऊन परसात उभे राहिलो. वरचा चर भरला, दगडांच्या वाटेने शांतपणे दुसऱ्यात उतरला, दुसरा तिसऱ्यात, आणि उरलेले पाणी फणसाच्या उजवीकडून, सांगितल्या वाटेने, व्हाळास गेले. गडगा जागच्या जागी राहिला. पहिल्या पावसाबरोबर तायकिळा उगवला, मग तेरे; पाठोपाठ पेरलेली तांबडी भाजी, भेंडी, दोडकी आणि काकडीचे वेल. या परसाने आमचे पोट भरले असे म्हणणे खोटे ठरेल. तांदूळ, डाळ, तेल दुकानातूनच आले. गोगलगायींनी आणि माकडांनी आपला वाटा घेतला. परंतु घाटावरचा ट्रक अडला तरी ताटात एक भाजी असेल, एवढी निश्चिंती आली.

देवळासही याचा थोडा उपयोग झाला. फुलकार येत नव्हता, म्हणून भटजींसाठी आम्ही काही घरांनी पाळीपाळीने फुले, तुळस आणि केळीची पाने पोहोचविली. देवाचे तबक कोणाच्या परसातून भरते, हे अनेक वर्षांनी पुन्हा दिसले. देवावरून उतरलेले निर्माल्य पाण्यात सोडण्याऐवजी देवळाच्या मागे खड्डा करून त्यात पाल्याबरोबर मुरवावे, अशी सूचना आम्ही मंडळींपुढे ठेवली. थोडी चर्चा झाली. ते खत पायदळी न येता चाफ्याच्या आणि माडांच्या मुळाशीच जावे, अशी अट घालून सर्वांनी ती मान्य केली. देवाचे फूल फुलाच्या झाडाकडे परत जाते, यात अनुचित काय आहे?

२२ ऑगस्टला चवथ आली. गोव्यात गणपतीच्या मखरावर माटोळी बांधतात, हे बेळगावापर्यंतच्या वाचकांस सांगावयास नको. पण इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळींसाठी सांगतो. लाकडाच्या चौकटीस नारळाची पेंड, सुपारीचे शिपूट, केळीचा घड, तवशी, तोरिंगण, आंबाडे, आणि रानातील कांगले, कवंडळ अशी त्या ऋतूत परसात व रानात मिळणारी फळे, भाज्या व फुले बांधून ती गणपतीवर टांगतात. अलीकडे ती पुष्कळशी बाजारातून विकत आणतात. त्या वर्षी आम्ही ठरविले की परसात आणि मागच्या डोंगरात मिळेल तेवढेच बांधावयाचे. पाडेलींच्या नातीने रानातील पाच वस्तू ओळखून आणल्या, ज्यांतील तीन आमच्या मुलीने प्रथमच पाहिल्या. एकंदर एकोणीस वस्तू झाल्या. माटोळी ही परसाची वार्षिक परीक्षाच असते, असे तेव्हा वाटले. जमिनीवर किती प्रकारचे जीवन नांदते, त्याची मोजणी देवापुढे टांगलेली.

बंधूंना वडोदऱ्याहून येता आले नाही. आयुष्यात प्रथमच त्यांची चवथ परगावी गेली. मुलीने दूरध्वनीवरून त्यांना आरती दाखविली, मग माटोळी दाखविली, आणि एकेक वस्तू कोठली ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “भिरंडीचे झाड अजून आहे?” पुढे कचेऱ्या उघडल्या तेव्हा त्यांनी विक्रीचा विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही. ‘पुढे बघणार कोण’ हा प्रश्न आजही सुटलेला नाही. मुलगी पुण्यास परत गेली; सुट्टीस येते, चर साफ करते आणि जाते. परंतु २०२० च्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळींनी केळींची सावली केव्हाच मागे टाकली आहे, आणि पाडेलींची ती नात शाळा सुटल्यावर मिरीच्या वेली बांधावयास येते. तिला कोणी सांगितलेले नाही. तिला ते आवडते.

ज्या वाचकांच्या घरामागे थोडी जागा आहे, मग ती अंत्रुजात असो, बेळगावच्या शिवारात असो किंवा वडोदऱ्याच्या बंगल्यामागे चार हात असो, त्यांनी येत्या मृगात एक गोष्ट करून पाहावी. पहिला जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन बाहेर यावे आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठे जाते ते उभ्याने पाहावे. तासभर पुरे. शेजारी कोणी जुने माणूस असेल तर त्यासही बोलवावे. कुदळ मग घ्यावी.